लुटुपुटूचा रस्ता

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात लागार्डिया नावाचा विमानतळ आहे. तेथपर्यंत आगगाडी जात नाही. मोटारीने, टॅक्सीने किंवा बसनेच पोहोचावे लागते. २०१६ साली या विमानतळाची पुनर्रचना सुरू झाली. पण विमानांची ये-जा मात्र चालूच ठेवावयाची होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एके दिवशी वाहनांची इतकी कोंडी झाली, की विमान चुकेल या भीतीने प्रवासी मोटारींतून उतरले आणि सामान ओढीत हमरस्त्याच्या कडेने पायीच निघाले!

असे संकट आधी ओळखता येईल काय? काय होते ते पाहण्यासाठी खरा रस्ता अडवून ठेवणे परवडणारे नसते. म्हणून अशा कामापूर्वी स्थापत्यविशारद संगणकात लुटुपुटूचा रस्ता तयार करतात.

त्याची एक सोपी रीत नागेल आणि श्रेकेनबर्ग या शास्त्रज्ञांनी १९९२ साली जर्मनीत मांडली. रस्ता म्हणजे सोंगट्यांच्या पटासारखी घरांची रांग, अशी कल्पना करा. प्रत्येक घर साडेसात मीटर लांब. कोंडीत उभ्या असलेल्या मोटारीला साधारण एवढीच जागा लागते. एका घरात एकच मोटार. दर सेकंदाला प्रत्येकीची खेळी. पुढे जागा असेल, तर वेग वाढवावा. नसेल, तर कमी करावा. शिवाय मधूनच एखाद्या चालकाने उगीचच किंचित कचरावे, कारण माणसे काही यंत्राप्रमाणे मोटार हाकीत नाहीत. रस्ता मोकळा असला, तर त्या कचरण्याने काही बिघडत नाही. गर्दीत मात्र एक मोटार मंदावली, की मागची थबकते, तिच्या मागची थांबते, आणि ती कोंडी लाटेप्रमाणे मागे मागे सरकत जाते. अपघात नाही, अडथळा नाही, तरीही कोंडी!

आता बांधकामाने अडणारी घरे या पटावर बंद करावयाची आणि एकच सकाळ पुनःपुन्हा खेळून पाहावयाची. काम रात्री करावे काय? टॅक्सी दूरच्या तळावर थांबवून लागतील तशा बोलवाव्यात काय? की तात्पुरता वळणरस्ता काढावा? प्रत्येक उपायाने रांग किती वाढते किंवा घटते, हे त्यावरून समजते.

अर्थात संगणक हा काही ज्योतिषी नव्हे. वाहनांची मोजणी चुकली, तर उत्तरही चुकणार. म्हणून काम सुरू झाल्यावरही खऱ्या रस्त्यावरील वाहने मोजून पटावरील हिशेब ताडून पाहावा लागतो. एवढा खटाटोप कशासाठी? लुटुपुटूच्या रस्त्यावर कितीही कोंडी झाली, तरी कोणाचेही विमान चुकत नाही. चुका करावयाच्याच, तर त्या तेथे कराव्यात.