गुरुवारचा बॅकअप

सकाळी १०.१५. तापकीर गल्लीतलं शटर वर जातं. दुरुस्तीच्या टेबलावर मल्टिमीटर, सोल्डरिंग गन आणि लाकडी फळीवर बसवलेले १०० वॅटचे जुने पिवळे बल्ब. पोरगा सव्वीस-सत्तावीसचा. पगार १८ हजार, घरी जाऊन केलेल्या कामाचे वेगळे. आज गुरुवार. पुण्यात महावितरणचा दुरुस्तीचा वार.

११.००. एक काका यूपीएस पिशवीतून काढतात. “लाईट गेली की पीसीपण जातो. नवाच द्या.” पोरगा चार स्क्रू काढतो. मीटरवर १२.६ व्होल्ट. काका खूश. मग तो बल्ब जोडतो आणि यूपीएसचा प्लग काढतो. आकडा घसरत दहाच्या खाली, यूपीएस टी-टी करत बंद. “व्होल्ट दाखवते काका, दम नाही.” नवी १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी ९५०, जुनी दिली म्हणून १०० कमी. मजुरी १५०. नव्या यूपीएसचे तीन हजार राहिले. गल्ल्यावरचे शेठ काही बोलत नाहीत.

१.००. डबा. बटाट्याची भाजी, चार पोळ्या. मध्येच फोन.

३.३०. कोथरूड, तिसरा मजला, लिफ्ट बंद, कारण लाईट गेलेली. पाऊण तास बसून राहायचं. त्याचे पैसे कोणी देत नाही. लाईट आल्यावर तो वॅटमीटर लावतो. पीसी आणि मॉनिटर मिळून १२० वॅट. “ताई, ६०० व्हीएचा पुरे. त्याचे वॅट ३६० भरतात.” खोक्यावर व्हीए ठळक, वॅट बारीक अक्षरात. ही छपाई उलटी हवी होती, असं मला वाटतं.

“दोन तास चालेल ना?”

“पंधरा-वीस मिनिटं. फाईल सेव्ह करा, बंद करा.”

आत सात एएचची एकच बॅटरी. बारा साते चौऱ्याऐंशी वॅट-तास, तेही पुरते हाती लागत नाहीत. दोन तास हवे तर घरचा इन्व्हर्टर, १५० एएचची बॅटरी, आणि मागचं बटण यूपीएस मोडवर. ताई किंमत विचारतात आणि ६०० वर येतात. लेझर प्रिंटरची वायर तो यूपीएसमधून काढून भिंतीत लावतो. तापताना तो एकदम ओढतो, छोटा यूपीएस ट्रिप होतो. राउटरला वेगळा मिनी यूपीएस, १,३०० रुपये. इथे वाद नाही.

६.१५. गेमिंग पीसीवाला कॉलेजचा मुलगा. मोठं ग्राफिक्स कार्ड. त्याला प्युअर साइन वेव्ह यूपीएस लागेल. स्वस्तातल्या यूपीएसवर अशा पीसीचा पॉवर सप्लाय कधी कधी ऐन वेळी बंद पडतो. किंमत ऐकून तो “पप्पांना विचारतो” म्हणतो.

७.३०. भंगारवाला जुन्या बॅटऱ्या तोलतो. एकेक बॅटरी दोन किलोच्या आसपास. भाव शिशाचा.

८.००. उद्या बसवायच्या बॅटऱ्यांवर पोरगा मार्करने तारखेची जागा आखून ठेवतो. तुमच्याकडे बसवली की तारीख लिहून घ्या. आणि यूपीएस बंद कपाटात कोंबू नका. उष्णतेने बॅटरी लवकर मरते.