अनंत नरकाला नकार

३१ मार्च १८४८ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल या खेड्यात, फॉक्स कुटुंबाच्या घरी ठकठक ऐकू आली. मॅगी आणि केट या बहिणींनी प्रश्न विचारले, ठोक्यांतून उत्तरे मिळाली आणि मृतात्मा बोलतो आहे ही बातमी पंचक्रोशीत पसरली. स्पिरिच्युअ‍ॅलिझम या मृतात्म्यांशी संवाद मानणाऱ्या पंथाचा आरंभ येथून मानतात. चाळीस वर्षांनी, २१ ऑक्टोबर १८८८ रोजी, मॅगीनेच न्यूयॉर्कच्या रंगमंचावर पायाचे सांधे वाजवून ते आवाज कसे काढले जात हे दाखवले. पुढच्याच वर्षी तिने कबुली मागे घेतली. तरी एवढ्या आघाताने पंथ संपायला हवा होता. उलट १८९३ साली शिकागोत त्याची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, १९०१ साली ब्रिटनमध्येही. या चिवटपणाचे कारण ठोक्यांत नसून शिकवणुकीत आहे, असे माझे मत आहे.

त्या काळच्या अमेरिकेत कॅल्व्हिनच्या मताचा पगडा मोठा होता: ईश्वराने निवडलेल्यांनाच मोक्ष, बाकीच्यांना अनंत नरक. याउलट ब्रिटिश संघटनेच्या सात तत्त्वांत ईश्वराचे पितृत्व, मानवबंधुत्व, आत्म्यांशी संवाद, आत्म्याचे अखंड अस्तित्व, वैयक्तिक जबाबदारी, बऱ्यावाईट कर्मांचे परलोकी फळ आणि प्रत्येक आत्म्याला खुली असलेली चिरंतन प्रगती येते. पंथाच्या प्रचारक एमा हार्डिंग ब्रिटन यांच्या व्याख्यानांत या तत्त्वांचे मूळ आहे. ही मांडणी आपल्याला कर्मसिद्धान्तासारखी वाटेल. पण इंग्रजी भाषक परंपरेने पुनर्जन्म बहुतांशी नाकारला. तो स्वीकारला फ्रान्समधील आलाँ कार्देक यांनी, १८५७ च्या आपल्या ग्रंथात.

या शिकवणुकीतील समतेचा अर्थ तिच्या पहिल्या अनुयायांनी व्यवहारातही लावला. फॉक्स भगिनींना आधार देणारे रॉचेस्टरचे आयझॅक आणि एमी पोस्ट गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते होते. पळून आलेल्या गुलामांना त्यांच्या घरी आसरा मिळे. जुलै १८४८ मधील सेनेका फॉल्सच्या स्त्रीहक्क जाहीरनाम्यावर एमी यांची सही आहे. बहुतेक चर्चमध्ये धर्मपीठ पुरुषांसाठी राखीव असताना येथे मृतात्म्यांचे माध्यम म्हणून स्त्रिया भरसभेत बोलू लागल्या. मुंबईशीही या चळवळीचा धागा जुळतो: ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कट यांची पहिली भेट १८७४ साली व्हर्माँटमध्ये मृतात्म्यांशी संवादाच्या बैठकांत झाली. त्यांनी स्थापलेल्या थिऑसॉफिकल सोसायटीचे बिऱ्हाड १८७९ साली मुंबईत आले.

यावर आक्षेप असा की फसवणुकीवर उभ्या राहिलेल्या धर्माच्या नीतीचे कौतुक कशाला? आक्षेप गंभीर आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या सायबर्ट समितीच्या १८८७ च्या अहवालात माध्यमांच्या बाजूने काहीच निघाले नाही. पहिल्या महायुद्धात मुले गमावलेल्या आईबापांच्या दुःखावर भोंदूंनी पैसा केला. श्रद्धेऐवजी पुरावा, हा या पंथाचा स्वतःचाच दावा होता; म्हणून पुराव्याच्या कसोटीतून त्याला सवलत देता येत नाही, आणि त्या कसोटीवर तो उतरलेला नाही. पण माध्यम लबाड निघाल्याने अनंत नरकाची कल्पना न्याय्य ठरत नाही. मर्यादित आयुष्यातल्या चुकांना अमर्याद शिक्षा देणे अन्याय आहे, हे म्हणणे परलोकातून आलेल्या कोणत्याही संदेशावर अवलंबून नाही. म्हणून या धर्माच्या दोन अंगांचा निवाडा वेगवेगळा करावा लागतो: त्याचा पुरावा टिकला नाही, त्याचा नैतिक आक्षेप मात्र टिकला.