ध्येय ठरवावें कसें व टिकवावें कसें

जून महिन्यांत शाळा उघडली, म्हणजे पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं भिंतीवर एक नवें वेळापत्रक लागतें. पहांटे पांचला उठणें, दोन तास गणित, एक तास इंग्रजी, असा त्याचा थाट असतो. चार दिवस तें पाळलें जातें. गणपति येईपर्यंत त्याचे कोपरे सुटूं लागतात, आणि सहामाही परीक्षेच्या सुमारास त्याकडे पाहण्याचेंहि धैर्य होत नाहीं. मग विद्यार्थी म्हणतो, "माझा निश्चयच दुबळा." पालक म्हणतात, "पोर आळशी." आम्हांस वाटतें, बहुधा दोघांचेंहि चुकतें. दोष निश्चयाचा नसून ध्येय ठरविण्याच्या रीतीचा असतो, आणि रीत ही शिकतां येते. "अभ्यास करा" असें आम्ही शिक्षक नित्य सांगतों. परंतु अभ्यासाचा निश्चय टिकवावा कसा, हें क्वचितच सांगतों. ती उणीव येथें थोडी भरून काढावी, असा आमचा हेतु आहे.

प्रथम इच्छा आणि ध्येय यांतील भेद ध्यानांत घ्यावा. "मला डॉक्टर व्हावयाचें आहे," "मला नव्वद टक्के गुण मिळावेत," ह्या इच्छा झाल्या. इच्छा वाईट नव्हे. परंतु आज सायंकाळीं सात वाजतां काय करावें, हें तिला ठाऊक नसतें. दूरचें ठिकाण आणि आजची मजल हीं दोन्हीं ज्याला असतात, तेंच खरें ध्येय.

महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या विद्यार्थिदशेंतील एक प्रसंग येथें आठवतो. कोंकणांतील मुरुड गांवाहून ते एका परीक्षेसाठीं साताऱ्यास पायीं निघाले. अंतर सुमारें ११० मैल, म्हणजे जवळजवळ १७७ किलोमीटर. वाट सह्याद्रीची, आणि वरून मुसळधार पाऊस. इतकें करून साताऱ्यास पोहोंचल्यावर, "तूं वयानें लहान दिसतोस," एवढ्यावरून त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं! त्या मुलाची त्या क्षणीं काय स्थिति झाली असेल, याची कल्पना प्रत्येकानें करून पाहावी. परंतु त्यांनीं शिक्षण सोडलें नाहीं. १८८४ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून गणित विषय घेऊन ते पदवीधर झाले.

ह्या प्रसंगांत आम्हांस एक गोष्ट विशेष दिसते. रोजची मजल चालणें हें त्या मुलाच्या हातीं होतें. परीक्षकाचें मत त्याच्या हातीं नव्हतें. म्हणून पहिला नियम हा, कीं रोजचें ध्येय आपल्या हातच्या कामाचें असावें. नव्वद टक्के गुण हे प्रश्नपत्रिकेवर आणि तपासणारावरहि अवलंबून असतात. "बीजगणिताचीं पांच उदाहरणें उत्तर न पाहतां सोडवीन," हें केवळ आपल्यावर अवलंबून आहे. शिवाय रात्रीं निजतांना तें झालें कीं नाहीं, हें एका शब्दांत सांगतां येतें.

दुसरा नियम वेळेचा आणि स्थळाचा. "उद्यांपासून खूप अभ्यास करीन" हा निश्चय हवेंत राहतो. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञानें १९९९ सालीं एका लेखांत दाखविलें, कीं अमुक वेळ आली म्हणजे अमुक करीन, असा आधींच बांधून ठेवलेला बेत नुसत्या निश्चयापेक्षां अधिक वेळां तडीस जातो. कारण सरळ आहे. ऐन वेळीं मनाशीं वाद घालावा लागत नाहीं; वाद आधींच मिटलेला असतो. म्हणून असें लिहावें: "खेळून आल्यावर हातपाय धुतले, कीं खिडकीजवळ बसून पांच उदाहरणें."

तिसरा नियम, थोडें परंतु रोज. हर्मान एबिंगहाउस नांवाच्या जर्मन पंडितानें निरर्थक अक्षरें स्वतः पाठ करून स्मरणशक्तीचे प्रयोग केले व १८८५ सालीं ते प्रसिद्ध केले. शिकलेलें प्रथम झपाट्यानें विसरतें, मग विसरण्याचा वेग मंदावतो. आणि एकाच बैठकींत घोकण्यापेक्षां अनेक दिवसांत वांटून केलेली उजळणी अधिक टिकते, असें त्याला आढळलें. तेव्हां मार्च महिन्यांतील जागरणापेक्षां जूनपासूनचा अर्धा तास श्रेष्ठ ठरतो.

आतां उत्साहाविषयीं. "मन लागलें म्हणजे बसेन," असें पुष्कळ जण म्हणतात. आमचा अनुभव उलट आहे. आधीं बसावें, दुसरें उदाहरण सुटलें, कीं मन मागून येऊन शेजारीं बसतें! एखाद्या दिवशीं खंड पडलाच, तर वेळापत्रक फाडूं नये, आणि दुसऱ्या दिवशीं दुप्पट कामाची शिक्षाहि करून घेऊं नये. त्याच वेळीं, त्याच जागीं पुन्हां बसावें. खंड वारंवार पडत असेल, तर पांचाचीं तीन उदाहरणें करावींत. मजल लहान केल्यानें मुक्काम हरवत नाहीं.

पालकांसहि दोन शब्द. शेजारच्या मुलाचे गुण काढून दाखविल्यानें आपल्या मुलाचें गणित सुधारत नाहीं. त्याचें तोंड मात्र उतरतें, आणि पुढें तें गुणपत्रिका लपवूं लागतें. "किती गुण पडले?" याऐवजीं "आज काय अडलें?" असें विचारून पाहावें. एका खोलीच्या बिऱ्हाडांत, पाणी भरून, धाकट्या भावंडांना सांभाळून शिकणारीं मुलेंहि आमच्या वर्गांत आहेत. त्यांना स्वतंत्र खोली देतां येणार नाहीं. परंतु रोज ठरल्या वेळीं अर्धा तास शांतता बहुतेक घरांस देतां येईल. आणि ध्येय मुलाचें असावें. आपलें अपुरें राहिलेलें त्याच्या खांद्यावर ठेवूं नये.

साताऱ्याहून निराश होऊन परतलेला तो मुलगा पुढें १८९१ सालीं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचा प्राध्यापक झाला, आणि १९१६ सालीं, वयाच्या ५८ व्या वर्षीं, त्यानें स्त्रियांसाठीं विद्यापीठ स्थापिलें. मुरुडहून निघतांना एवढें त्याला दिसलें असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. त्याला त्या दिवसाची मजल दिसत होती. विद्यार्थिमित्रहो, हा अंक मिटण्यापूर्वीं एका कागदावर एकच ओळ लिहा: उद्यां, किती वाजतां, कोठें बसून, काय करणार. आणि उद्यां रात्रीं तिच्यापुढें "झालें" असें लिहितां येतें कीं नाहीं, तें पाहा.