आधी टेकू, मग करवत

वसंत व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य, धर्मविचार ह्या विषयांची परंपरा मोठी आहे. तेथे मोटारीच्या दुरुस्तीचा विषय, आणि तोही दोन माणसांच्या उघड्या क्रीडामोटारीचा, घेऊन एक कामगार कार्यकर्ता उभा राहिला म्हणजे श्रोत्यांच्या मनात शंका येणे साहजिक आहे. हौशी माणसांच्या खेळण्याशी कामगाराला काय कर्तव्य? आमचे उत्तर असे की, मोटार कोणाच्याही दारात उभी असो, ती घडते कामगाराच्या हातून. आणि मोडली की उभी राहते तीही हातानेच. त्या हातांत कोणते ज्ञान असते, आणि कारखाना बंद पडल्यावर त्या ज्ञानाचे काय होते, हा प्रश्न आमच्या जिव्हाळ्याचा आहे. तो नीट कळावा म्हणून आम्ही एकच गाडी उदाहरणाला घेतो : इंग्लंडातील एम.जी.बी.

ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन ह्या गावी १९६२ ते १९८० ह्या काळात ही गाडी तयार होत असे. एकंदर पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. ती राजेरजवाड्यांची गाडी नव्हती. शिक्षक, कारकून, कारागीर अशा मध्यम मिळकतीच्या माणसांनी घ्यावी अशा बेताची होती. सांगाडा स्विंडनहून तयार होऊन येई आणि ॲबिंग्डनला कामगार तो एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर हाताने ढकलीत नेऊन गाडी पुरी करीत. आपल्याशी तिचे एक नातेही आहे. आपल्या जुन्या ॲम्बॅसडरचे १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन आणि हिचे १७९८ घनसेंटिमीटरचे इंजिन ही दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतली, म्हणजे एका घरची भावंडे. ॲम्बॅसडरवर हात बसलेल्या मिस्त्रीला एम.जी.बी.चे बॉनेट उघडल्यावर परक्या घरी आल्यासारखे वाटू नये.

तेल बदलणे, प्लग साफ करणे ही कामे कोणीही करील. ह्या गाडीची अवघड कामे तीन : एकात ताकद आणि क्रम लागतो, दुसऱ्यात अचूकपणा लागतो आणि तिसऱ्यात विवेक लागतो.

पहिले काम क्लचचे. क्लचप्लेट ही ताटलीएवढी वस्तू. पण ती बदलायला सबंध इंजिन बाहेर काढावे लागते. पुष्कळ गाड्यांत गिअरबॉक्स खालून उतरवता येते. येथे तिच्याखाली सांगाड्याचा आडवा भाग पक्का जोडलेला असल्यामुळे ती वाट बंद आहे. तेव्हा बॅटरी सोडवायची, पाणी आणि तेल काढायचे, रेडिएटर, कार्बुरेटर, सायलेन्सरचा पाइप सोडवायचा आणि सुमारे दीडशे किलोचे धूड चेनपुलीने वर घ्यायचे. बॅटरी सोडवताना एक ध्यानात ठेवावे : १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचा धन ध्रुव सांगाड्याला जोडलेला असे. सवयीने उलटी जोडणी केली तर विजेच्या यंत्रणेचे नुकसान होते.

जोडताना खरी परीक्षा असते. नवी प्लेट फ्लायव्हीलच्या बरोबर मध्यावर बसली पाहिजे. नाहीतर गिअरबॉक्सचा दांडा तिच्या भोकात शिरत नाही. त्यासाठी जुन्या गिअरबॉक्समधला दांडा किंवा लेथवर कातून घेतलेला लाकडी दांडका मापाला वापरतात. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र आणताना कोणाचेही वजन त्या प्लेटवर लोंबकळू देऊ नये. क्षणभर जरी ते लोंबकळले तरी प्लेट वाकते आणि केलेली मेहनत पुन्हा करावी लागते. इंजिन बाहेर आहे तोवर क्लचचे ग्राफाइटचे बेअरिंगही बदलून घ्यावे. वस्तू स्वस्त, श्रम महाग. म्हणून एकदा केलेल्या श्रमात जेवढे उरकेल तेवढे उरकावे.

दुसरे काम पुढच्या चाकांच्या किंगपिनचे. स्टिअरिंग फिरवले की चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळते ती ही खिळी. प्रत्येक बाजूला ग्रीस भरण्याची तीन तोंडे असतात. ती विसरली गेली की खिळी आणि बुश झिजतात, चाक डगमगू लागते. पण चाक डगमगले म्हणजे दोष किंगपिनचाच असे नव्हे. चाकाचे बेअरिंग सैल झाले तरी तसेच होते. मग ओळखावे कसे? गाडी उचलून चाक वरखाली धरून हलवावे आणि दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबताच डगमग थांबली तर दोष बेअरिंगचा. तरीही राहिली तर किंगपिनचा. ह्या परीक्षेला एक पैसा लागत नाही. दुरुस्तीला मात्र लागतो, कारण नवे बुश ठोकून बसवल्यावर रीमरने आतून नेमक्या मापाला आणावे लागतात. केसाएवढे अधिक कातले तर खिळी सैल, कमी कातले तर घट्ट. ज्याच्याकडे रीमर आणि सवय नाही त्याने हे एवढे काम जाणत्या कारागिराकडे न्यावे. स्वतः दुरुस्ती करणे म्हणजे सगळे एकट्याने करणे, असा अर्थ आम्ही करीत नाही.

तिसरे काम सर्वांत कठीण, आणि त्यावर जीव अवलंबून असतो. ते दाराखालच्या उंबरठ्याचे.

एम.जी.बी.च्या आधीच्या एम.जी.ए. गाडीला खाली स्वतंत्र चासी होती. एम.जी.बी.ला ती नाही. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडून सांगाडा केलेला आहे आणि तो सांगाडाच सगळा भार वाहतो. घराला छप्पर असले की भिंतींना आधार मिळतो. ह्या उघड्या गाडीला छप्परही नाही. तेव्हा पुढची चाके आणि मागची चाके ह्यांमधला भार मुख्यतः दोन्ही दारांखालच्या उंबरठ्यांवर आणि मधल्या बोगद्यावर येतो. हा उंबरठा आतला, मधला आणि बाहेरचा अशा पत्र्यांची बंद पेटी असते. चाकांनी उडवलेला चिखल आणि पाणी आत साचते आणि पेटी आतून कुजते. बाहेरचा रंग मात्र चकचकीत असतो!

येथे दोन वाटा फुटतात. सोपी वाट अशी की, कुजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चढवावा, भोके पुट्टीने बुजवावी आणि रंग फासावा. उंबरठ्याची दोन्ही टोके पुढच्या आणि मागच्या मडगार्डाच्या आत दडलेली असतात. ती कोणी पाहत नाही. गाडी विकली जाते. विकत घेणारा भरवेगात खड्ड्यात गेला म्हणजे कळते की उंबरठा नव्हताच, नुसते त्याचे चित्र होते. आम्ही ह्या प्रकाराला दुरुस्ती म्हणत नाही, फसवणूक म्हणतो.

दुसरी वाट लांबची आहे. प्रथम गाडी सपाट जमिनीवर घ्यावी आणि सांगाड्याला पुढे, मध्ये, मागे असे भक्कम टेकू द्यावे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये. मग दार बंद करून दाराच्या चारी बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवाव्या. दाराच्या मोकळ्या चौकटीत पुढून मागे लोखंडी पट्टी तात्पुरती वेल्ड करावी. एवढे झाल्यावरच करवत हाती घ्यावी. दोन्ही बाजू एकदम कापू नयेत. एक पुरी करून मग दुसरी. कापून झाल्यावर आतून बाहेर अशा क्रमाने पत्रे बसवावे, आधी दूरदूर टाके मारावे आणि प्रत्येक टप्प्याला दार लावून फट पाहावी. वेल्डिंगच्या आचेने पत्रा ओढला जातो. म्हणून एका जागी सलग वेल्ड न करता जागा बदलत जावे. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी आधीच बाहेर काढावी आणि आग विझवण्याची सोय हाताशी ठेवावी. टेकू न देता उंबरठा कापला तर गाडी मध्ये खचते. त्याच खचलेल्या स्थितीत नवा पत्रा जोडला की वाकडेपणा कायमचा होतो, आणि पुढे दार लागत नाही म्हणून मालक बिजागरीला दोष देत बसतो.

ह्या सर्व कामांमागचे तत्त्व एकच आहे. कोणताही भाग काढण्यापूर्वी तो कोणाचा भार वाहतो हे ओळखावे आणि त्या भाराची दुसरी सोय लावावी. छापील पुस्तिकांत भाग काढण्याची कृती सविस्तर असते. पुढे एक ओळ येते की, जोडणी उलट क्रमाने करावी. त्या एका ओळीत कारागिराचे सगळे शहाणपण गडप होते! पत्रा किती ओढला जाईल, दांडा शिरताना हाताला काय जाणवेल, हे पुस्तिका सांगत नाही. ते दुसऱ्या माणसाजवळ उभे राहूनच शिकावे लागते.

म्हणून कारखाना बंद होतो तेव्हा यंत्रांबरोबर आणखीही काही बंद होते. ॲबिंग्डनचा कारखाना बंद करण्याचा बेत ब्रिटिश लेलँडने सप्टेंबर १९७९ मध्ये जाहीर केला. गाडीवर प्रेम करणाऱ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला; कारखाना विकत घेण्याची खटपटही झाली. ती फसली आणि ऑक्टोबर १९८० मध्ये दारे लागली. पण पत्रे ठोकण्याचे मूळ साचे पुष्कळसे शाबूत राहिले. त्यांच्या आधारे १९८८ साली ब्रिटिश मोटर हेरिटेज ह्या संस्थेने एम.जी.बी.चे संपूर्ण नवे सांगाडे करून विकायला आरंभ केला. आज ह्या गाड्या चालतात त्या साच्यांमुळे, आणि एकमेकांना शिकवणाऱ्या मालकांच्या मंडळांमुळे.

आपल्याकडे उत्तरपाड्याचा ॲम्बॅसडरचा कारखाना २०१४ मध्ये थांबला. तिची इंजिने खोलणारे हात अजून आहेत. पण ते म्हातारे होत आहेत, आणि त्यांना काय येते हे कोणी लिहून घेतलेले नाही. २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, आणि तिच्या विषयांत मोटारीही होत्या. ही चांगली गोष्ट झाली. परंतु हक्क कागदावर मिळाला आणि दुरुस्ती जाणणारा माणूसच उरला नाही, तर तो हक्क बजावणार कोण? ह्या सभागृहातील तरुणांना आमची एवढीच विनंती आहे : आपल्या गल्लीतल्या जुन्या मिस्त्रीकडे वही घेऊन जा. तो कोणता भाग आधी सोडतो, टेकू कोठे लावतो आणि का लावतो, हे विचारा, उतरवून घ्या आणि त्या वहीवर त्याचे नाव घाला.