व्हॉल्व्हचा गोडवा आणि कानाचा हिशेब

आमच्या कान-नाक-घसा विभागात हल्ली गिटार वाजवणारी मुलं बरीच येतात. तक्रार ठरलेली असते, "डॉक्टर, सरावानंतर कानात शिट्टी वाजते, सकाळपर्यंत जाते." आवाज कमी कर म्हटलं की उत्तरही ठरलेलं, "कमी केला की टोनच येत नाही." हे उत्तर हसण्यावारी नेऊ नये. भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं ते बरंचसं खरं आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय दिलेला सल्ला कुणी ऐकत नाही.

माझ्या पिढीतल्या वाचकांना व्हॉल्व्हचा रेडिओ आठवत असेल. बटण फिरवायचं, आत तांबूस उजेड दिसायचा आणि जरा वेळानं आवाज यायचा. ट्रान्झिस्टर आले आणि रेडिओतून व्हॉल्व्ह गेले. गिटारवाल्यांनी मात्र ते सोडले नाहीत. कारण असं, की व्हॉल्व्हला झेपेल त्यापेक्षा मोठा संकेत दिला की तो लहरींचे शेंडे एकदम छाटत नाही, हळूहळू वाकवतो. शेंडे असे चपटे झाले की मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर तयार होतात आणि आवाज भरदार होतो. तंबोऱ्याची जवारी नीट लागली की उपस्वर कसे खुलतात, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. मार्ग निराळा, पण कानाला भावणारी गोष्ट तीच.

दोन स्वर एकत्र गेले तर आणखी गंमत होते. 110 आणि 165 हर्ट्झचे षड्ज-पंचम वाजवले, तर तापलेला अँप्लिफायर 55 हर्ट्झचा, म्हणजे एक सप्तक खालचा स्वर आपल्या पदरचा घालतो. रॉक संगीतातला तो दणदणीत 'पॉवर कॉर्ड' यावरच उभा आहे.

आता वैद्यकातली गोष्ट. आपला कानही हेच करतो. अंतर्कर्णात सुमारे 12 हजार बाह्य केशपेशी असतात. त्या स्वतः आखडतात, लांबतात आणि हलका आवाज शेकडो पटींनी वाढवतात, मोठा आवाज मात्र फारसा वाढवत नाहीत. कानात बसवलेला हा जिवंत अँप्लिफायरच. लंडनच्या डेव्हिड केंप यांनी 1978 मध्ये दाखवून दिलं, की निरोगी कानातून आवाज बाहेरही येतो. नवजात बाळाची श्रवणचाचणी करताना कानात 3000 आणि 3600 हर्ट्झचे दोन स्वर सोडतात आणि 2400 हर्ट्झचा तिसरा परत येतो का, हे नाजूक मायक्रोफोननं ऐकतात. तो आला, तर केशपेशी काम करताहेत. गिटारवाला जिला 'डिस्टॉर्शन' म्हणतो, तीच आमच्याकडे निरोगी कानाची खूण आहे. फरक इतकाच, की अँप्लिफायरचा व्हॉल्व्ह जळाला तर नवा मिळतो. माणसाच्या केशपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

मग पेच कुठे आहे? व्हॉल्व्ह वाकवायचा तर त्याला जोर लावावा लागतो, आणि शेवटच्या टप्प्यातले मोठे व्हॉल्व्ह वाकेपर्यंत आवाज प्रचंड झालेला असतो. इंग्लंडच्या जिम मार्शल यांनी 1960 च्या दशकात 'द हू' या बँडच्या मागणीवरून 100 वॅटचे अँप्लिफायर बनवले, तेव्हा हॉल मोठे होते आणि ध्वनियंत्रणा तोकडी होती. आज तसल्या यंत्राची बेडरूममध्ये काहीच गरज नाही. याच बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी आपल्या बहिरेपणाबद्दल आणि कानातल्या नादाबद्दल जाहीरपणे सांगितलं आहे. दोष त्यांनी मुख्यतः स्टुडिओतल्या हेडफोनना दिला, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

वॅटच्या आकड्यानं लोक फसतात. 50 ऐवजी 100 वॅट घेतले, तर आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल. उलट 1 वॅटही कमी नसतो. गिटारच्या 12 इंची स्पीकरला 1 वॅट दिला, तर मीटरभर अंतरावर साधारण 97 ते 100 डेसिबल भरतात. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबल 8 तास चालतात, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटं! सराव मात्र दोन-तीन तास चालतो.

टोन जुळवताना होणाऱ्या चुकाही बहुतेक कानाच्याच आहेत. हळू आवाजात कानाला खर्ज आणि अतितार स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये याचे आलेख मांडले. घरी हळू आवाजात बेस आणि ट्रेबल चढवून केलेली जुळणी म्हणूनच मंचावर घुमते आणि टोचते. जुळणी नेहमी वाजवायच्या आवाजातच करावी. दुसरं, तीक्ष्ण स्वर स्पीकरच्या तोंडासमोर झोतासारखे जातात. अँप्लिफायर जमिनीवर आणि वादक उभा, म्हणजे झोत गुडघ्यांवर. त्याला आवाज बोथट वाटतो, तो ट्रेबल वाढवतो आणि समोरच्या रांगेतल्यांचे कान सोलले जातात. पेटी खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलती करा. बऱ्याच जणांचा निम्मा आवाज तिथेच कमी होतो.

तिसरी चूक सर्वांत घातक. अर्ध्या-पाऊण तासानं कान थकतात, विशेषतः 4000 हर्ट्झच्या आसपास. पुन्हा ट्रेबल वाढतो, पुन्हा कान थकतात. त्यामुळे बटणं ताज्या कानांनी लावावीत आणि मग त्यांना हात लावू नये. बहुतेक जुन्या धर्तीच्या अँप्लिफायरमध्ये बेस, मिडल, ट्रेबल एकाच जाळ्यात गुंतलेले असतात. ते फक्त घटवतात, काही वाढवत नाहीत. एक हलवलं की बाकीची दोन बदलतात. तिन्ही मध्यावर ठेवून सुरुवात करावी. बँडमध्ये गिटार ऐकू येईना, तर व्हॉल्यूमऐवजी आधी मिडल चढवून पाहावा.

टोन हवाच असेल, तर 1 ते 5 वॅटचे छोटे व्हॉल्व्ह अँप्लिफायर मिळतात. मोठा असेल, तर त्याच्या आणि स्पीकरच्या मधे अॅटेन्युएटर बसवता येतो. तो जास्तीच्या शक्तीची उष्णता करून टाकतो. कानात कापूस घालण्यात अर्थ नाही. संगीतकारांसाठीचे इअरप्लग सगळे स्वर जवळपास सारखेच कमी करतात, टोन बिघडत नाही. एक सूचना कानापलीकडची. पेटी उघडून दुरुस्ती करू नका. आत 400 व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो टिकून राहतो.

एका कानाला अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. उपचार पहिल्या काही दिवसांतच लागू पडण्याची शक्यता जास्त. एरवी नियमित वाजवणाऱ्यानं वर्षातून एकदा ऑडिओग्राम करावा. तो सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत होतो. आदल्या संध्याकाळी सराव ठेवू नका, नाहीतर आलेखात तात्पुरता थकवाच उमटेल आणि तुम्हाला पुन्हा बोलवावं लागेल.