दुर्बीण तीच, प्रकाश वेगळा : साध्या एंडोस्कोपीत निसटणारा कर्करोग 'एनबीआय'मध्ये कसा दिसतो?

अन्ननलिकेच्या कर्करोगाची शंका बहुतेकांना घास अडकायला लागल्यावरच येते. तोवर गाठ बरीच वाढलेली असते. त्याआधी हा आजार अस्तराच्या अगदी वरच्या थरात असतो. दुखत नाही, काही अडकतही नाही. या टप्प्यावर सापडला, तर अनेकदा छाती न उघडता दुर्बिणीतूनच तेवढा थर कापून काढता येतो.

पण सापडणार कसा? कारण दुर्बीण त्याच्यावरून फिरली, तरी तो दिसेलच असं नाही.

साध्या एंडोस्कोपीत पांढरा प्रकाश वापरतात. तो खोलवर शिरतो, वेगवेगळ्या थरांतून परत येतो आणि पडद्यावर सगळं अस्तर सारखंच गुलाबी दिसतं. उंचवटा असेल तर लक्षात येतो. सपाट डाग त्या गुलाबी रंगात मिसळून जातो.

मग 'एनबीआय' वेगळं काय करतं?

'नॅरो बँड इमेजिंग' हे तंत्र जपानमध्ये विकसित झालं. तिथल्या राष्ट्रीय कर्करोग केंद्राच्या काशिवा इथल्या रुग्णालयातले डॉक्टर आणि ऑलिम्पस कंपनी यांनी ते मिळून तयार केलं. 2005-06च्या सुमारास ते बाजारात आलं. दुर्बिणीच्या मुठीवरचं एक बटण दाबलं की पांढरा प्रकाश जातो आणि दोनच अरुंद पट्टे उरतात. एक निळा, साधारण 415 नॅनोमीटरचा आणि दुसरा हिरवा, 540 नॅनोमीटरचा.

हेच आकडे का? उत्तर रक्तात आहे. हिमोग्लोबिन नेमका याच तरंगलांबीचा प्रकाश जोरात शोषून घेतं. त्यामुळे जिथे रक्त आहे तिथे प्रकाश परत येत नाही आणि रक्तवाहिनी गडद दिसते. त्यात निळा प्रकाश फार खोल जात नाही, म्हणून वरच्या थरातल्या केशवाहिन्या पडद्यावर तपकिरी उठून दिसतात. हिरवा थोडा खोल जातो आणि खालच्या वाहिन्या निळसर दिसतात. रंग अर्थातच खरे नाहीत, प्रोसेसरने दिलेले आहेत.

कर्करोगाच्या पेशींना वाढायला रक्त लागतं. त्या भागातल्या केशवाहिन्या जाड होतात, वेड्यावाकड्या वळतात. पांढऱ्या प्रकाशात जिथे काहीच नव्हतं, तिथे एनबीआयमध्ये कडा असलेला तपकिरी डाग दिसतो. डॉक्टर मग तिथलाच तुकडा तपासणीला पाठवतात.

याआधी हेच काम आयोडीनच्या फवाऱ्याने व्हायचं, अजूनही होतं. निरोगी अस्तर आयोडीनने तपकिरी होतं, रोगट भाग फिका राहतो. पण रुग्णाच्या छातीत जळजळ होते आणि घशात तर हा फवारा मारताच येत नाही, कारण तो श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

फरक किती पडतो?

जपानमध्ये 320 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. या सगळ्यांना अन्ननलिकेचा कर्करोग झालेला होता. त्यांच्यात वरवरचे आणखी कर्करोग शोधताना अन्ननलिकेत पांढऱ्या प्रकाशाने 55 टक्के पकडले, एनबीआयने 97 टक्के. घशाच्या भागात तर 8 विरुद्ध 100 टक्के! मात्र हे जास्त जोखमीचे रुग्ण होते. पित्ताच्या तक्रारीसाठी एंडोस्कोपी करणाऱ्या प्रत्येकाला हे आकडे लागू होत नाहीत.

आपल्यासाठी या अभ्यासाचा अर्थ मोठा आहे. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचं प्रमाण सर्वाधिक आहे आणि त्यामागे मुख्यतः तंबाखू आहे. तंबाखू आणि दारूचा मारा तोंड, घसा, अन्ननलिका या सगळ्याच अस्तरावर होतो. त्यामुळे एका जागी कर्करोग झालेल्या माणसाला दुसऱ्या जागीही वेगळा कर्करोग होऊ शकतो.

मोठ्या आतड्यात मात्र चित्र इतकं एकतर्फी नाही. तिथे नव्या, जास्त उजेडाच्या यंत्रांमध्ये एनबीआयचा फायदा दिसला, जुन्या यंत्रांमध्ये फारसा नाही. आतडं रुंद असतं आणि अरुंद पट्ट्यांमुळे चित्र काळोखं होतं. तिथे आता एआयचा बोलबाला आहे. संगणक पडद्यावर पॉलिपभोवती चौकट काढून दाखवतो. अमेरिकेने अशा पहिल्या यंत्रणेला 2021 मध्ये परवानगी दिली.

पण 2025 मध्ये पोलंडमधून आलेल्या एका अभ्यासाने सगळ्यांना थबकायला लावलं. चार केंद्रांमध्ये एआय आल्यानंतर त्याच डॉक्टरांनी एआयशिवाय केलेल्या तपासण्या पाहिल्या गेल्या. कर्करोगात बदलू शकणारे पॉलिप सापडण्याचं प्रमाण 28.4 वरून 22.4 टक्क्यांवर आलं होतं. एआयची सवय लागून नजर सैलावली, की कारण दुसरंच होतं, हे एवढ्यावरून ठरत नाही. पण शंका गंभीर आहे.

रुग्णाच्या हातात काय?

आधी तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग झाला असेल, तंबाखू किंवा दारूचं जुनं व्यसन असेल, तर ते तपासणीआधीच डॉक्टरांना सांगावं. सोय असेल तर एनबीआयने पाहणार का, हेही विचारावं.

आणि कोलोनोस्कोपीआधीचं ते खारट औषध, जे अर्धं पिऊन बाकीचं बेसिनमध्ये ओतायचा मोह होतो, ते पूर्ण प्यावं. एनबीआयच्या प्रकाशात आतड्यात उरलेलं पित्त रक्तासारखं लाल दिसतं आणि त्याखाली काय आहे ते कुठल्याच प्रकाशात दिसत नाही.