जुनी घड्याळे व जुने फर्निचर : विकण्यापूर्वी पारख कशी करावी?

कोकणातील आपल्या गावांत जुनी कौलारू घरे उतरवून स्लॅबची घरे उभी राहत आहेत. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली, खेड, चिपळूण, राजापूर, कुठेही जा, हेच दृश्य दिसेल. घर उतरले की माजघरातले लंबकाचे घड्याळ, शिसवी पलंग, आरशाचे कपाट, वेताची आरामखुर्ची यांना नव्या खोल्यांत जागा उरत नाही. कोणी जहाजावरच्या नोकरीत, कोणी मुंबईच्या गोदीत, कोणी रंगून वा आफ्रिकेत घाम गाळून जमवलेल्या या वस्तू मग टेम्पोत चढतात आणि मुंबईत भेंडीबाजार-नळबाजाराच्या परिसरातील मटन स्ट्रीटला, म्हणजे लोक ज्याला चोर बाजार म्हणतात तिथे, किंवा जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात उतरतात.

या व्यवहारात विकणारे कुटुंब बहुधा आपले आणि दुकानदारही पुष्कळदा आपलाच असतो. तरीही दोन्हीकडे तक्रार ऐकू येते. कुटुंब म्हणते, आम्हाला मातीमोल भाव मिळाला. दुकानदार म्हणतो, घरी नेऊन उघडले तर आतून सगळे पोकळ निघाले. आमच्या मते दोघांच्या तक्रारीचे मूळ एकच आहे. वस्तूची खरी स्थिती कोणी नीट पाहिली नाही, आणि पाहिली असली तरी सांगितली नाही.

हजरत पैगंबर मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतून ओल लागल्याची हदीस (सहीह मुस्लिम) वाचकांना ठाऊकच आहे. पावसाने धान्य भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर, भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे आप (स.) यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे असे बजावले. धान्य भिजण्यात त्या माणसाचा काही अपराध नव्हता, अपराध होता तो ओल खाली दाबण्याचा. जुन्या मालाच्या धंद्याला हा दाखला इतका तंतोतंत लागू पडतो की दुसरा नियम सांगण्याची गरज नाही. शंभर वर्षांच्या वस्तूत दोष असणारच. तो वर ठेवायचा, एवढेच. पण वर ठेवण्यासाठी आधी तो दिसला पाहिजे, म्हणून पाहायचे कसे ते येथे सांगत आहोत.

प्रथम घड्याळ. आपल्याकडील जुन्या घरांत अमेरिकन अन्सोनिया व सेथ थॉमस, जर्मन युंगहान्स व गुस्ताव बेकर आणि जपानी सेइकोशा ही घड्याळे विशेष आढळतात. तबकडीवरील नावाने फसू नये. पूर्वी मुंबई-कलकत्त्याचे घड्याळविक्रेते परदेशी घड्याळावर आपल्या पेढीचे नाव छापून घेत. कारखान्याची खरी खूण लंबक काढल्यावर यंत्राच्या मागच्या पितळी पत्र्यावर दिसते. तबकडीवर एक नाव व पत्र्यावर दुसरे, यात गैर काही नाही. मात्र पेटी एका घड्याळाची आणि यंत्र दुसऱ्याचे असा मेळ घातलेला असेल तर किंमत निम्म्याखाली येऊ शकते. हे ओळखायला पेटीची मागची फळी पाहावी. यंत्र बसवण्याची भोके एकदाच पाडलेली असली पाहिजेत. जुनी भोके बुजवून शेजारी नवी पाडली असतील, तबकडीतील चावीची भोके यंत्राच्या खुंट्यांसमोर नेमकी येत नसतील, लंबक पेटीच्या खिडकीत मधोमध न झुलता तळाला घासत असेल, तर हा मेळ नंतर जमवलेला आहे असे समजावे.

वयाचा अंदाजही खुणांवरून येतो. परदेशी मालावर देशाचे नाव घालण्याची सक्ती इंग्लंडने १८८७ च्या कायद्याने केली आणि 'मेड इन जर्मनी' हे शब्द त्यानंतर सर्रास दिसू लागले. 'वेस्ट जर्मनी' लिहिलेले घड्याळ १९४९ पूर्वीचे असूच शकत नाही. सेइकोशाचा कारखाना १८९२ साली निघाला, तेव्हा त्या नावाचे घड्याळ दीडशे वर्षांचे आहे असे सांगणारा दुकानदार अजाण तरी असला पाहिजे किंवा त्याहून वाईट काही. अन्सोनिया कंपनीचे काम १९२९ च्या सुमारास संपले व तिची यंत्रे सोव्हिएत रशियाने विकत घेतली. म्हणून खरे अन्सोनिया आज नव्वदीच्या पुढचेच असते. रेल्वेची अक्षरे रंगवलेल्या घड्याळांबाबत अधिक सावध राहावे. 'जी. आय. पी.' ही तीन अक्षरे रंगवायला पेंटरला पाच मिनिटे लागतात. जुना रंग तबकडीबरोबरच पिवळा पडतो, त्याला बारीक तडे जातात. नव्या रंगाखाली तडे दिसतात, रंगात दिसत नाहीत.

आता यंत्र. 'चालू आहे' हा शब्द या धंद्यात सर्वात स्वस्त आहे. लंबकाला धक्का दिला की मोडके घड्याळही दहा मिनिटे टिकटिक करते. घड्याळ भिंतीवर सरळ टांगून टिक आणि टॉक यांतले अंतर कानाने ऐकावे. ते सारखे नसेल तर आधी पेटी थोडी डावी-उजवी सरकवून पाहावी. एवढ्याने सुधारले तर दोष यंत्राचा नव्हता, टांगण्याचा होता. मग टॉर्च घेऊन मागच्या पत्र्यातील चक्रांच्या आसांची भोके पाहावीत. ती गोल असावीत. वर्षानुवर्षांच्या घासण्याने ती लांबट होतात, आस हलू लागतो, चक्राचे दात एकमेकांना नीट लागत नाहीत. चांगला कारागीर तेथे पितळेचा नवा बुश बसवतो. ही प्रामाणिक दुरुस्ती होय, आणि ती सांगून विकावी. आडमुठा कारागीर मात्र भोकाभोवती पंचाने ठोकून पितळ आत दाबतो. त्या ठोक्यांचे बारीक खड्डे ओळीने दिसतात. अशा घड्याळाचे पुढचे काम महागात जाते.

चावी देताना करकर आवाज करून ती उलटी निसटत असेल तर स्प्रिंग अडवणारा खटका झिजला आहे. हा दोष बोटाला इजा करू शकतो. 'चावी जास्त दिल्याने बंद पडले' असे मात्र कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. पूर्ण चावी दिल्याने घड्याळ बंद पडत नाही, बंद पडते ते मळाने आणि वाळून चिकट झालेल्या तेलाने. घरोघरी खोबरेल किंवा शिलाईयंत्राचे तेल पिसाने सोडण्याची जी खोड आहे तिने जितकी घड्याळे बंद पाडली तितकी वयाने पाडली नसतील. हे दुरुस्त होते, त्यासाठी घड्याळ कवडीमोल देण्याचे कारण नाही. तद्वतच टोल्यांची गफलत. काटा तीनवर आणि टोले सात, हे ऐकून पुष्कळ कुटुंबे घड्याळ 'बिघडले' म्हणून देऊन टाकतात. अनेक जुन्या अमेरिकन घड्याळांत टोले मोजण्याचे चक्र काट्यांपासून स्वतंत्र असते. ते पुढे सरकवून मेळ घातला की झाले.

खरी परीक्षा मात्र पूर्ण चावी देऊन आठ दिवस चालवण्याची. पाचव्या-सहाव्या दिवशी बंद पडले तर स्प्रिंग थकली आहे किंवा आत घर्षण वाढले आहे. व्यवहारात पसंतीची मुदत ठरवून घेण्याला फिकहमध्ये 'खियारे शर्त' म्हणतात आणि ती इमाम अबू हनीफा (रह.) व इमाम शाफई (रह.) यांच्या मते तीन दिवसांची आहे. आठ दिवसांच्या घड्याळाची परीक्षा तीन दिवसांत होत नाही. म्हणून विक्रेत्यानेच ती आधी करून ठेवावी आणि किती दिवस चालले ते सांगावे.

फर्निचरकडे वळताना एक गोष्ट आधी सांगू. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-मुरूड भागातील असंख्य घरांची छपरे उडाली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाड पाण्याखाली गेले. त्या पावसात-पुरात भिजलेले फर्निचर वाळवून, पॉलिश मारून बाजारात येऊ शकते. हदीसमधील ओल म्हणतात ती हीच. खण पूर्ण बाहेर काढून आतल्या कोपऱ्यांत बोट फिरवावे, पुराचा बारीक गाळ सांध्यांत वर्षानुवर्षे राहतो. पायांच्या आतल्या बाजूस, जिथे पॉलिशवाला पोहोचत नाही तिथे, एकाच उंचीवर पाण्याची रेघ दिसते. वरून चिकटवलेला पातळ लाकडी पापुद्रा फुगला असेल तर नखाने टिचकी मारताच पोकळ आवाज येतो. आरशाच्या कडांवरील काळे डाग वयानेही पडतात, पण खालची कड तेवढी काळी असेल तर पाणी चढले होते असे धरून चालावे. अस्सल सागवान भिजल्याने वाया जात नाही. सांधे पुन्हा बसवले की ते नीट उभे राहते. तेव्हा दडवण्यासारखे त्यात फारसे नसते, तरी लोक दडवतात.

लाकडाच्या नावांचाही घोळ आहे. आपल्याकडचा शिसव आणि उत्तर हिंदुस्थानातील शीशम ही वेगवेगळी झाडे. दुकानात दोन्ही एका दमात 'शिसम' म्हणून विकली जातात. शिवाय हलक्या लाकडाला काळपट रंग देऊन शिसवी म्हणण्याचा प्रकार आहेच. टेबल उलटे करून न रंगवलेली बाजू पाहिली, वजन उचलून पाहिले की निम्मे कोडे सुटते.

वय पाहताना मागची व खालची बाजूच बोलते. हाताने कापलेल्या फळीवर करवतीचे सरळ, असमान ओरखडे असतात. गोल करवतीचे ओरखडे कमानीसारखे वळलेले दिसतात. खणाच्या कोपऱ्यातील डव्हटेलचे दात हातकामात थोडे लहान-मोठे असतात, यंत्रावर एका साच्यातले. डोक्यावर फुलीची खाच असलेले स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले. त्यापूर्वीच्या म्हटल्या जाणाऱ्या कपाटात ते किंवा प्लायवुडची पाठ दिसली तर निदान तेवढा भाग नंतरचा आहे. लाकूड आडव्या दिशेने आकसते, म्हणून जुन्या गोल मेजाला टेप दोन्ही दिशांनी लावला तर काही मिलिमीटरचा फरक येतो. सागवान कमी आकसते, तरी फरक पडतो. झीजही योग्य जागी हवी. खुर्चीच्या हातांवर, पुढच्या आडव्या दांडीवर, खणाच्या तळकडेला. जिथे कोणाचा हात-पाय लागत नाही तिथली झीज कानशीने केलेली असते.

किडीबाबत गोंधळ नको. बारीक गोल भोके जुनी असू शकतात. वस्तूखाली काळा कागद पसरून आठवडाभर ठेवावा, फिकी ताजी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. ती बहुधा लाकडाच्या बाहेरच्या पांढरट भागात शिरते, गाभ्याच्या सागवानाला सहसा शिवत नाही. वाळवीची गोष्ट वेगळी. ती पाय आतून खाते आणि वरचा पापुद्रा शाबूत ठेवते. सुतारी पोगराचे टोक तळाशी हलके दाबून पाहावे. पॉलिश जुने लाखेचे की नवे, हे कळायला आडबाजूस स्पिरिटचा एक थेंब पुरे. लाख चिकट होते, मेलामाइनवर परिणाम होत नाही. जुने लाखेचे पॉलिश घासून काढून चकचकीत करणे हा विकण्यापूर्वीचा सर्वात मोठा घाटा आहे. जाणकार ग्राहक त्यासाठीच जास्त पैसे मोजतो.

हे सारे पाहून झाल्यावर पावतीवर लिहावे. 'सागवानी कपाट, मागची फळी नवी, डावा मागचा पाय बदललेला, आरसा मूळचा, २०२१ च्या पुरात भिजले होते.' एवढी एक ओळ. 'जसे आहे तसे' एवढ्याच शब्दांवर विसंबू नये. विक्रीपूर्वीचा दोष नंतर आढळला तर माल परत करण्याचा ग्राहकाचा हक्क, म्हणजे 'खियारे ऐब', फिकहमध्ये मान्य आहे. दोषांतून मुक्त असल्याची अट घालून विक्रेता कितपत मोकळा होतो याबाबत हनफी व शाफई मतांत फरक आहे. कोकणातील आपले बांधव बहुतेक शाफई आणि मुंबईचे अनेक दुकानदार हनफी, तेव्हा आलिमांना विचारून घ्यावे. माहीत असलेला दोष दडवण्याची मुभा मात्र दोन्हीकडे नाही. देशाचा १९३० चा मालविक्री कायदाही वर्णन करून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असावा असे सांगतो. 'शंभर वर्षांचे' असे पावतीवर लिहिले तर ते वर्णन झाले.

आणि त्या शंभर वर्षांचा आणखी एक अर्थ आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षे वा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीस ती परदेशी नेता येत नाही. दुबई, कुवेत किंवा लंडनच्या ग्राहकाला 'दीडशे वर्षांचे' म्हणून चढ्या भावाने विकणारा दुकानदार त्याला विमानतळावर अडकवत असतो. वस्तू शंभरीच्या आतली असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला आधी घ्यावा. शिसवी सामानाला २०१७ पासून सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराचे नियमही लागू आहेत, त्याची चौकशी माल बांधण्यापूर्वी करावी. हस्तिदंत जडवलेली पेटी वा खुर्ची असेल तर वन्यजीव कायद्याने तिची विक्रीच बंद आहे, मग ती आजोबांची असो की पणजोबांची. ती घरातच राहू द्यावी.